नवीन पीसीवर ईआरपी जोडत नाही, 'सर्टिफिकेट ट्रस्टेड नाही' म्हणतंय (जुन्या चार पीसीवर चालतंय)

लेथवाला (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी ११.४०

मंडळी, गोकुळ शिरगावात आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून परत पाठवतो. चलन, बिल, स्टॉक सगळं एका ईआरपीवर. डेटा स्टोअररूममधल्या एका पीसीवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९, फुकटवालं एक्स्प्रेस), आणि ऑफिस, गेट, डिस्पॅच, इन्स्पेक्शन असे चार पीसी त्याला जोडलेले. आजवर कधी तक्रार नाही.

शनिवारी डिस्पॅचला नवीन पीसी आणला, विंडोज ११. सॉफ्टवेअर टाकलं, सर्व्हरचा आयपी घातला आणि लॉगिन दाबलं की इंग्रजीत पाच ओळींचा एरर. मला कळला तो अर्थ असा: सर्व्हरशी जोडणी झाली, पण लॉगिनच्या वेळी गडबड झाली, कारण प्रमाणपत्राची साखळी ज्यानं दिली त्याच्यावर विश्वास नाही. स्क्रीनचा फोटो जोडलाय.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणतो सर्व्हर जुना झालाय, नवीन घ्या. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या पीसीवर तेच सॉफ्टवेअर ह्या क्षणाला चालतंय, मग सर्व्हर जुना कसा? गेटवर टेम्पो उभा आहे आणि मी चलन हातानं लिहितोय. कुणाला अनुभव?

तांबडापांढरा | ११.५२

पहिलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल गेला की पीसी कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतो, आणि मग त्याला प्रत्येक प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालं नाही' असं वाटतं. गेल्या वर्षी एका क्लिनिकच्या पीसीवर अर्धा दिवस घालवला आणि शेवटी सीआर२०३२ चा बटणासारखा सेल बदलला. संपलं.

लेथवाला | १२.०१

बघितलं. दोन्हीकडची तारीख-वेळ बरोबर आहे. अँटिव्हायरसही दहा मिनिटं बंद करून बघितला. तोच एरर.

पंचगंगाकाठ | १२.१०

कशाला एवढं डोकं लावतोस मर्दा. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' म्हणून एक टिक असती, ती मार. काम खलास. यार्डातल्या आमच्या आडत दुकानात तीन वर्षं टिक मारलेली हाय, गुळाचा रवा काय इकडचा तिकडं झाला न्हाई.

गुलालखोबरं | १२.३५

लेथवाले, टेम्पो उभा आहे म्हणता तर आत्ता पंचगंगाकाठ सांगतात ती टिक मारा आणि गाडी सोडा. पण ती टिक कायमची ठेवू नका. का ते सांगतो, आणि त्याआधी एक काम करा.

नवीन पीसीवर आणि एका जुन्या पीसीवर 'ओडीबीसी डेटा सोर्सेस' उघडा (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारे ड्रायव्हर तिथं दिसतात), 'ड्रायव्हर्स' टॅबवर जा आणि एसक्यूएल सर्व्हरसमोर कुठला आकडा आहे तो सांगा. माझा अंदाज, जुन्यावर १७ आणि नव्यावर १८.

लेथवाला | १२.५०

अगदी बरोबर! जुन्या चारही पीसीवर १७, नव्यावर १८. टिक मारली, चालू झालं, टेम्पो गेला. कसं ओळखलंत?

गुलालखोबरं | दुपारी १.४५

जेवून आलो, आता सविस्तर लिहितो.

तुमच्या सर्व्हरमध्ये काहीही बिघडलेलं नाही. तो पहिल्या दिवसापासून असाच आहे. बदललाय तो विचारणारा. ओडीबीसी १७ पर्यंत 'एन्क्रिप्ट' (वायरीवरनं जाणारा डेटा गुप्त करणं) ही सेटिंग आपोआप 'नाही' असायची. २०२२ मध्ये १८ आला आणि तिथं ती आपोआप 'हो' झाली. नुसतं एन्क्रिप्ट करून तो थांबत नाही, समोरच्याचं प्रमाणपत्रही, म्हणजे 'मी तोच' असा त्याचा दाखलाही, तपासतो. डॉटनेटमध्ये लिहिलेली सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडायला वापरतात त्या एसक्यूएल-क्लायंटमध्ये हाच बदल थोडा आधी, आवृत्ती ४ मध्ये झाला होता. म्हणून इतकी वर्षं सुखानं चाललेलं दुकान नवीन पीसी आणला की अडतं, आणि सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं सर्व्हर म्हातारा झाला.

आता तुमच्या सर्व्हरनं प्रमाणपत्र म्हणून काय दाखवलं? तुम्ही त्याला कधी प्रमाणपत्र दिलेलंच नाही. अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर चालू होताना स्वतःच एक प्रमाणपत्र बनवतो आणि स्वतःच त्याच्यावर सही करतो. म्हणजे रहिवासी दाखला लिहिणाराही मीच, आणि खाली सरपंच म्हणून सही करणाराही मीच. जुना ड्रायव्हर दाखला न वाचता आत सोडत होता. नवा वाचतो आणि विचारतो, हा सरपंच कोण?

त्या आपोआप बनलेल्या प्रमाणपत्राला नवीन पीसीवर 'विश्वासू' करून टाकू, असं काहींच्या मनात येतं. उपयोग नाही. सर्व्हरची सर्व्हिस रीस्टार्ट झाली की नवीन प्रमाणपत्र. लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. जुन्या चार पीसींचं जे 'चालतंय' आहे, त्यात फक्त लॉगिनचं पाकीट बंद असतं. बाकी चलन, दर, गिऱ्हाइकांची नावं वायरीवरनं पोस्टकार्डासारखी उघडी जातात.

पंचगंगाकाठ | २.०५

जाऊ दे की ओ. गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये कोण येणाराय हॅक करायला? पोस्टकार्ड वाचून कुणाला काय मिळणाराय, कास्टिंगचा दर?

गुलालखोबरं | २.२०

लेथवाले, एक प्रश्न. तुमच्या वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?

लेथवाला | २.३१

गेटच्या केबिनमध्ये पुठ्ठ्यावर लिहून लावलाय. ड्रायव्हर लोक मागतात सारखे.

गुलालखोबरं | २.३८

आणि तेच वायफाय सर्व्हरच्याच नेटवर्कवर असणार, वेगळं नाही. टिक मारली की जोडणी एन्क्रिप्ट होते हे खरं, पण कुणाशी बोलतोय हे तपासलं जात नाही. त्याच नेटवर्कवर बसून कुणी 'मीच सर्व्हर' म्हणून मध्ये उभं राहिलं, तर तुमचा पीसी त्याच्याशी बंद पाकिटात, अगदी विश्वासानं बोलेल. पंचगंगाकाठ म्हणतात तसा धोका छोटा असेल. पण कास्टिंगचा दर शेजारच्या शेडला कळला तर ऑर्डर जाते, हे मी एमआयडीसीत राहून बघितलंय. आणि उपाय एका रविवारचा आहे.

मंगळवारपेठी | ३.१५

थोडं वेगळं, पण ह्याच जातीचं. मी एका सीएंच्या ऑफिसात आहे. टेंडरच्या डिजिटल सहीसाठीचं एक जावावालं सॉफ्टवेअर आहे, त्यात 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' (प्रमाणपत्राची साखळी जुळत नाही) असा एरर यायचा. तीच वेबसाइट त्याच पीसीवर क्रोममध्ये कुलूप दाखवून उघडायची. मी विंडोजमध्ये प्रमाणपत्र टाकलं, काही नाही. पीसीवरच्या जावामध्ये टाकलं, तरी काही नाही. तीन दिवस गेले. शेवटी कळलं की त्या सॉफ्टवेअरनं आपल्या फोल्डरमध्ये स्वतःचं वेगळं जावा ठेवलंय आणि ते तिथलीच 'सीएसर्ट्स' फाइल (विश्वासू प्रमाणपत्रांची यादी) बघतं. त्या फाइलमध्ये जावाच्याच कीटूल ह्या साधनानं घातलं, एका मिनिटात चालू.

क्रोममध्ये का उघडत होतं ते मात्र अजून कळलेलं नाही.

गुलालखोबरं | ३.४०

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. ह्या एररचं निम्मं उत्तर ह्याच प्रश्नात असतं: हे सॉफ्टवेअर विश्वासासाठी कुणाची यादी बघतं? विंडोजची एक यादी. जावाची आपली. पायथनचे बरेच प्रोग्राम 'सर्टिफाय' नावाच्या पॅकेजमधली यादी घेऊन फिरतात. फायरफॉक्सची पहिल्यापासून वेगळी चूल, अलीकडे तो विंडोजमध्ये आपण हातानं घातलेली प्रमाणपत्रंही मानतो. एका घरात चार शिधापत्रिका. एकीवर नाव चढवलं म्हणून दुसरीवर रेशन मिळत नाही.

क्रोमचं कोडं बहुधा असं असेल. वेबसाइटनं आपल्या प्रमाणपत्राबरोबर मधल्या अधिकाऱ्याचं, म्हणजे इंटरमीजिएट, प्रमाणपत्र पाठवायला हवं. पुष्कळ जण सर्व्हरवर ते लावायला विसरतात. क्रोम आणि एज मधली कडी कुठं मिळेल तो पत्ता प्रमाणपत्रातच वाचून ती स्वतः आणतात. जावा आपण होऊन असं काही करत नाही, कर्ल हे कमांडवरनं पानं आणणारं साधनही सहसा नाही. ते म्हणतात साखळी तुटली, आणि थांबतात. म्हणून 'ब्राउझरमध्ये उघडतंय' हा साइट बरोबर असल्याचा पुरावा धरू नका.

असं असेल तर खरा दुरुस्त करणारा वेबसाइटवाला. तुम्ही कीटूलनं घातलंत ते ठिगळ. ते मधलं प्रमाणपत्र बदललं की ठिगळ उसवेल, तेव्हा फाइलची वाट वहीत लिहून ठेवा.

मंगळवारपेठी | ३.४८

लिहून ठेवलीय, मॉनिटरच्या मागे चिकटवलीय :)

उसाचामळा | संध्याकाळी ६.१०

मीही ह्याच धाग्यात विचारतो. ऊस मोजायच्या एका खाजगी वजनकाट्यावर आमचा विंडोज १० चा पीसी आहे. मालकानं इंटरनेट बंद ठेवलंय, फक्त ज्या एका सर्व्हरवर वजनाची नोंद जाते तेवढाच पत्ता उघडा. गेल्या आठवड्यात अचानक 'अनट्रस्टेड'. सर्व्हरवाले म्हणतात आम्ही फक्त सर्टिफिकेट नूतनीकरण केलं. माझ्या मोबाइलवर तोच पत्ता बिनतक्रार उघडतो. तारीख बघून झाली.

गुलालखोबरं | ६.४५

नूतनीकरण करताना त्यांनी प्रमाणपत्र देणारी कंपनी बदलली का, ते विचारा.

विंडोजची गंमत अशी की सगळी मूळ प्रमाणपत्रं (ज्यांच्या सहीवर बाकीच्यांचा विश्वास टेकतो ती, म्हणजे रूट) तो आधीपासून जवळ ठेवत नाही. गरज लागली की अपडेटच्या पत्त्यावरनं हळूच एक-एक आणतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या मालकानं ती वाटच बंद केलीय. जुन्या कंपनीचं मूळ प्रमाणपत्र पीसीवर आधीच होतं, नव्याचं आणायला जायला वाट नाही.

दुसऱ्या, इंटरनेट असलेल्या विंडोज पीसीवर 'सर्टयूटिल' ह्या कमांडला विंडोज अपडेटवरनं सगळ्या मूळ प्रमाणपत्रांची एसएसटी फाइल (एकत्र गठ्ठा) बनवायला सांगता येतं. ती पेनड्राइव्हवर घेऊन काट्याच्या पीसीवर भरा. कमांडचा फोटो खाली दिलाय. आणि नेटवरच्या कुठल्यातरी साइटवरनं 'रूट सर्टिफिकेट पॅक' म्हणून मिळतं ते भरू नका. मूळ यादीत कुणाला घेतो म्हणजे त्याला कुठल्याही साइटच्या नावानं सही करायचा अधिकार देतो. २०११ मध्ये हॉलंडच्या डिजिनोटार ह्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसून चोरांनी गूगलच्या नावाची प्रमाणपत्रं काढली, ती कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही २०१४ मध्ये सरकारच्या एनआयसीच्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली आणि ब्राउझरवाल्यांना ती अडवावी लागली. भल्याभल्यांचं असं होतं, तिथं पेनड्राइव्हवरच्या अनोळखी पॅकचं काय.

तांबडापांढरा | रात्री ९.२०

३० सप्टेंबर २०२१ आठवतोय का कुणाला? फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतल्या डीएसटी रूटची मुदत संपली त्या दिवशी. नवीन फोन-पीसींना काही कळलंही नाही, आणि ज्यांच्या पोटात प्रमाणपत्र तपासणारं जुनं ओपनएसएसएल १.०.२ होतं ते सगळे आडवे. नवं मूळ प्रमाणपत्र जवळ असूनसुद्धा ते जुनी, मुदत संपलेली वाटच धरत होते. माझा फोन संध्याकाळपासून वाजत होता आणि मी सगळ्यांना सांगत होतो, घड्याळ बघा. त्या दिवशी एकाचंही घड्याळ चुकलेलं नव्हतं.

उसाचामळा | मंगळवार, दुपारी १२.३०

चालू झालं! कंपनी बदललेलीच होती. फाइल भरली, एकदा रीस्टार्ट केलं, नोंदी जायला लागल्या. गुलालखोबरं, कधी काट्यावर या, ताजा रस पाजतो.

लेथवाला | रविवार, दुपारी १.१५

आज सुट्टी, शेड शांत. गुलालखोबरंनी खाजगी निरोपात पायऱ्या दिल्या होत्या, तसं करायला बसलो. सकाळी ९ ला सुरू केलं, अजून अडकलोय.

सर्व्हरवर पॉवरशेलनं स्वतःचं प्रमाणपत्र बनवलं. नाव घातलं कंप्युटरचं, मुदत पाच वर्षं. मग कॉन्फिगरेशन मॅनेजर, प्रोटोकॉल्स, सर्टिफिकेट टॅब. तिथली यादी कोरी! प्रमाणपत्र विंडोजच्या खिडकीत दिसतंय, इथं दिसत नाही.

गुलालखोबरं | १.४०

माझी चूक, एक गोष्ट सांगायची राहिली. पॉवरशेल आपोआप नव्या पद्धतीची किल्ली बनवतं, आणि ह्या यादीत ती धरली जात नाही. बनवताना 'की-स्पेक' मध्ये की-एक्स्चेंज आणि प्रोव्हायडर म्हणून जुना आरएसए एस-चॅनेल सांगायचा. पहिलं प्रमाणपत्र डिलीट करून नवं बनवा. सुधारलेली ओळ निरोपात पाठवली.

लेथवाला | २.२५

यादीत आलं. निवडलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. आता सर्व्हिस चालूच होत नाही. उद्या सकाळी सात वाजता शिफ्ट आहे. घाम फुटलाय.

गुलालखोबरं | २.३१

घाबरू नका, ह्या टप्प्यावर माझंही असंच झालं होतं. सर्व्हिस स्वतःच्या वेगळ्या खात्यानं चालते आणि त्या खात्याला तुम्ही बनवलेली खाजगी किल्ली वाचायची परवानगी नाही. प्रमाणपत्रावर राइट क्लिक, ऑल टास्क्स, मॅनेज प्रायव्हेट कीज. तिथं एसक्यूएल सर्व्हिसचं खातं घाला आणि फक्त 'रीड' द्या. फुल कंट्रोल नको.

लेथवाला | २.५०

चालू झाली. पंखा लावून पाच मिनिटं बसलो नुसता.

मग प्रमाणपत्राची सीईआर फाइल (किल्लीशिवायची) पेनड्राइव्हवर घेतली, डिस्पॅचच्या पीसीवर ट्रस्टेड रूटमध्ये (विंडोजच्या विश्वासू यादीत) घातली, ती टिक काढली, लॉगिन दाबलं. आता नवाच एरर: 'टार्गेट प्रिन्सिपल नेम' चुकीचं आहे.

गुलालखोबरं | २.५८

अभिनंदन. एरर बदलला म्हणजे सहीवरचा आक्षेप मिटला, आता नावावर आहे. ईआरपीच्या सेटिंगमध्ये सर्व्हर म्हणून आयपी घातलाय ना? प्रमाणपत्रावर कंप्युटरचं नाव आहे. आधारवर 'दत्तात्रय' आणि हाक 'दत्तू' अशी मारली तर हा ड्रायव्हर ओ देत नाही. आयपीच्या जागी नाव घाला. नाव सापडत नसेल तर त्या पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये आयपी आणि नाव अशी एक ओळ लिहा.

लेथवाला | ३.२०

झालं!!! टिक नाही, एरर नाही. जुने चार पीसीही चालतायत, त्यांना हात लावला नाही.

पंचगंगाकाठ | ४.०५

सहा तास रविवारचे. माझी टिक एका सेकंदाची हुती.

लेथवाला | ४.१२

दादा, मान्य. पण सोमवारी वायफायचा पुठ्ठाही काढणार आहे. ड्रायव्हर लोकांना वेगळं गेस्ट वायफाय करून देतो.

तांबडापांढरा | ५.३०

ट्रस्टेड रूटमध्ये कुठनं घातलंत, 'करंट यूजर' की 'लोकल कंप्युटर'?

लेथवाला | ५.४१

जे पहिलं उघडलं तिथं. का?

तांबडापांढरा | ५.४४

मग रात्रपाळीचा मुलगा आपल्या लॉगिननं बसला की त्याला पुन्हा पहिला एरर येणार. करंट यूजरमधलं फक्त त्या माणसापुरतं असतं. 'सर्टएलएम' उघडून लोकल कंप्युटरमध्ये घाला.

लेथवाला | ६.१५

रात्रपाळीच्या आयडीनं लॉगिन करून बघितलं. खरंच एरर आला. परत घातलं लोकल कंप्युटरमध्ये, आता दोघांनाही चालतंय. तांबडापांढरा, तुमच्यामुळे रात्री दोन वाजताचा फोन वाचला.

मंगळवारपेठी | सोमवार, सकाळी १०.०५

एक शंका. पेपरात वाचलं की सर्टिफिकेटची मुदत आता कमी-कमी होत जाणार. मग लेथवाल्यांचं पाच वर्षांचं कसं चालेल?

गुलालखोबरं | १०.३०

ती मर्यादा लोकांसाठीच्या, म्हणजे ब्राउझरवाल्यांनी मानलेल्या कंपन्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रांना. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. घरच्या घरी बनवलेल्याला ती लागू नाही. मात्र तुमच्या कीटूलच्या ठिगळाला तिचा त्रास होईल. साइटचं स्वतःचंच प्रमाणपत्र त्या फाइलमध्ये घातलं असेल तर २०२९ नंतर दर ४७ दिवसांनी तरी पुन्हा घालावं लागेल. मधल्या अधिकाऱ्याचं घातलं असेल तर बराच काळ निभावेल. कुठलं घातलंय ते बघा.

मंगळवारपेठी | १०.५२

बघितलं. साइटचंच घातलं होतं. आज बदलते.

दुधाचीगाडी | ११.२०

नमस्कार मंडळी. आमच्या डेअरीच्या दूध संकलनाच्या मशीनचं ॲप 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतंय, पण फक्त संध्याकाळच्या संकलनाला. सकाळी व्यवस्थित चालतं. काय असेल?

तांबडापांढरा | ११.२४

फक्त संध्याकाळी? नवीन धागा काढा, आणि येताना घड्याळाचा फोटो घेऊन या.